अठ्ठेचाळीस आकड्यांचा ताळा

दिवाळीला सांगलीला पोचलो तेव्हा आईने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि बाबांनी लॅपटॉप.

"चहा होईपर्यंत बघ जरा. आठ दिवस झाले, चालू होत नाहीये. मी काहीच केलेलं नाही."

"मी काहीच केलेलं नाही" हे वाक्य मी आमच्या घरात गेली कित्येक वर्षं ऐकतोय. मी काही आयटीवाला नाही, पुण्यात एका ऑफिसात बिलांची कामं करतो. पण पुण्याला राहणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर येतोच, असं आमच्या गल्लीत ठरलेलं आहे. शिवाय मागे एकदा मी बाबांचा जुना लॅपटॉप खरोखरच दोन मिनिटांत सुरू करून दिला होता, त्याची किंमत अजून मोजतोय.

तेव्हा बाबांचं म्हणणं होतं की पासवर्ड अचानक बदलला. तोच टाइप करतोय, तरी चुकीचा म्हणतो. त्यांच्या पासवर्डची सुरुवात इंग्रजीत लिहिलेल्या सांगलीने, एस कॅपिटल. मी कॅप्स लॉक पाहिलं, चार्जर काढून लावला, एकदा रीस्टार्ट केला. काही नाही. मग पासवर्डच्या चौकटीतल्या डोळ्यावर दाबलं, तर ठिपक्यांच्या जागी उमटलं "एोलुतग". बाबा सोसायटीच्या नोटिसा मराठीत टाइप करायचे, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर. तोच कीबोर्ड लॉगिनच्या पडद्यावरही चालू राहिला होता, आणि एस दाबला की ए, एल दाबला की त उमटत होतं. खाली उजव्या कोपऱ्यात भाषा बदलली आणि उघडला. बाबांनी त्यानंतर चार लोकांना सांगितलं की मुलाने हॅकरसारखं काहीतरी केलं.

या वेळी मात्र पडदा निळा होता आणि त्यावर पासवर्डची चौकट नव्हतीच. बिटलॉकर रिकव्हरी, असं शीर्षक. बिटलॉकर म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप. खाली आकडे भरायची लांबलचक जागा. त्याखाली किल्लीचा ओळख क्रमांक, आणि ही किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल अशी सूचना.

हा पडदा मी आधी पाहिलेला होता. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले होते. विमानतळांवर हाताने लिहून बोर्डिंग पास दिले, तोच शुक्रवार. त्या दिवशी आमच्या ऑफिसातला सिस्टिम बघणारा माणूस संध्याकाळपर्यंत टेबलाटेबलावर जाऊन ४८ आकडे टाइप करत होता. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. माझ्या मशीनपाशी आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता. पण त्याच्याकडे सगळ्यांच्या किल्ल्यांची यादी होती. आमच्याकडे काय होतं?

"बाबा, मायक्रोसॉफ्टचं खातं कुठलं आहे तुमचं?"

"माझं जीमेल आहे की."

"ते नाही. लॅपटॉप घेतला तेव्हा कुठलं टाकलं होतं?"

"मला काय माहीत? दुकानातल्या पोराने सगळं करून दिलं. मी फक्त चार आकडे टाकतो."

तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

हा लॅपटॉप २०२२ मध्ये घेतला, विंडोज ११ होम असलेला. अशा मशीनवर पहिल्यांदा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की मशीनच्या कुवतीप्रमाणे आतली डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि तिची किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. चोराने लॅपटॉप नेला तरी आतलं काही त्याच्या हाती लागू नये यासाठीची ही सोय आहे, आणि सोय चांगलीच आहे. माझी तक्रार एवढीच की ज्याच्या घराला हे कुलूप लागतं त्याला कोणी बाहेर बोलावून सांगत नाही. त्यात हा पिन. पिन फक्त त्याच एका मशीनपुरता असतो. बाबांनी तीन वर्षं रोज चार आकडे टाकले आणि खात्याचा पत्ता किंवा पासवर्ड त्यांना एकदाही लागला नाही. लागला नाही, म्हणून माहीत करून घेतला नाही. लॅपटॉप बाबांचा, बिल बाबांच्या नावाचं, आणि किल्ली दुकानातल्या पोराने पाच मिनिटांत बनवलेल्या कुठल्यातरी खात्यात.

चहा गार झाला.

मी त्या रात्री जे जे केलं त्यातलं बरंचसं वाया गेलं, म्हणून थोडक्यात सांगतो. माझ्या फोनवरून बाबांच्या जीमेलने मायक्रोसॉफ्टच्या साइटवर गेलो. त्या पत्त्याचं एक खातं निघालं (कधीतरी स्काइपसाठी काढलेलं), पण त्यात एकही किल्ली नव्हती. मग निळ्या पडद्यावरून 'ही ड्राइव्ह सोडून पुढे जा' हा पर्याय घेतला. स्टार्टअप रिपेअर चालवलं, तर त्यानेही किल्लीच मागितली. कमांड प्रॉम्प्ट उघडला, पण तिथे सी ड्राइव्ह कुलूपबंद. सेफ मोडकडे वळलो तर पुन्हा किल्ली. घराच्या सगळ्या खिडक्या हलवून बघाव्यात आणि प्रत्येक खिडकीला आतून कडी असावी, तसं.

"आणि हे बघ," बाबा म्हणाले, "मी हेल्पलाइनला पण फोन केला होता."

"कुठल्या हेल्पलाइनला?"

इंटरनेटवर शोधून जो पहिला नंबर दिसला त्यावर. समोरच्याने अगदी नम्रपणे सांगितलं की काका, लॅपटॉप बंद असला तरी काळजी नको, तुमच्या मोबाईलवर एक ॲप टाका, आम्ही इथून बघतो. बाबा पाटबंधारे खात्यात अकाउंट्सला होते. तीस वर्षं ठेकेदारांची बिलं तपासलेला माणूस. ते म्हणाले, "बिघडलाय लॅपटॉप, तर मोबाईल कशाला बघता?" आणि फोन ठेवला. मला घाम फुटला. लॉगिनची अडचण आली की माणूस घाईला येतो, आणि अशा घाईच्या माणसांचीच वाट बघत ही मंडळी बसलेली असतात. पैसे गेलेच असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा, हे मी बाबांच्या फोनमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करून दिलं.

दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान, फराळ झाला आणि आई म्हणाली, "अरे, त्याचं बिल फायलीत असेल." आईची फाईल म्हणजे प्लॅस्टिकची, निळी, बटणाची. त्यात १९९८ च्या फ्रिजचं वॉरंटी कार्ड आहे. फ्रिज नाही, कार्ड आहे. लॅपटॉपचं बिल सापडलं आणि बिलाच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलेला एक आउटलुकचा पत्ता आणि खाली पासवर्ड. निळ्या पडद्यावर खात्याच्या पत्त्याची सुरुवातीची अक्षरं आणि पुढे फुल्या दिसत होत्या. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून हा इशारा तिथे दिसतो. अक्षरं जुळली! मी आईच्या पायाच पडणार होतो.

फोनवर पत्ता टाकला, पासवर्ड टाकला, बरोबर निघाला. आणि मग साइट म्हणाली, तुम्हीच आहात हे पटवा, अमुक दोन आकड्यांनी संपणाऱ्या नंबरवर कोड पाठवतो. ते दोन आकडे आमच्या घरात कोणाच्याच नंबरात नव्हते.

दुकान गाठलं. दिवाळीची गर्दी, बाहेर आकाशकंदील, आत मोबाईलची कव्हरं. मालकांनी ऐकून घेतलं, वाईट वागले नाहीत. "तो पोरगा होय? त्याला जाऊन दोन वर्षं झाली, साहेब. नंबर लावून बघतो." लावला. नंबर अस्तित्वात नाही. "काय टेन्शन नाही, फॉरमॅट मारून देतो. आठशे रुपये, संध्याकाळी न्या."

"पण आतला डेटा?"

"डेटा जाणार की. नाहीतर असं करू, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावू."

जुन्या लॅपटॉपांना हा उपाय चालायचा आणि मीही एकेकाळी त्याच्यावर विसंबलेलो आहे. इथे त्याचा उपयोग शून्य. डिस्क कुठेही लावली तरी ती तेच ४८ आकडे मागणार. मालकांना ते पटलं नाही, मला समजावत बसायची ताकद नव्हती, आणि बाबा शेजारी उभे राहून काचेतल्या इअरफोनकडे बघत होते.

आत काय होतं ते सांगायला हवं. सोसायटीचे सात वर्षांचे हिशेब होते, पण त्यांच्या छापील प्रती फायलीत आहेत. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची कागदपत्रं होती, ती दवाखान्यातून पुन्हा मिळतील. पण बाबा चार वर्षं आमच्या घराण्याची वंशावळ करत होते. कुठून कुठून लोकांना फोन करून, दोन वेळा कोकणात जाऊन, जुन्या सातबाऱ्यांचे फोटो काढून. ती फक्त इथेच होती. "फॉरमॅट म्हणजे सगळं कोरं?" त्यांनी परत येताना रिक्षात एकदाच विचारलं. मी हो म्हणालो. पुढे ते बोललेच नाहीत.

लक्ष्मीपूजनाला बाबांनी लॅपटॉप पाटावर ठेवला नाही. दरवर्षी चोपडीशेजारी ठेवतात.

भाऊबीजेला मिरजेहून ताई आली, सोबत ओमू. नववीत आहे. मला वाकून नमस्कार केला आणि लॅपटॉप टेबलावर उघडा बघून सरळ आतल्या खोलीत गेला. एरवी हा पोरगा आल्या आल्या माझा फोन मागतो. मी मागोमाग गेलो.

"ओमू, आजोबांच्या लॅपटॉपला हात लावला होतास का रे?"

"मी काही नाही केलं, मामा."

आमच्या घराण्याचं ब्रीदवाक्यच ते. मी काही बोललो नाही, नुसता बसून राहिलो. मग हळूहळू बाहेर आलं. सहामाही परीक्षा संपल्यावर तो रविवारी इथे आला होता. मित्राने पेन ड्राइव्हवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम) घालून दिलं होतं, ते बघायचं होतं. व्हिडिओत सांगितलं होतं की आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगांत जाऊन सिक्युअर बूट बंद करा. सुरू होताना फक्त ओळखीचंच सॉफ्टवेअर चालू द्यायचं, ही त्या सेटिंगची राखण. याने केलं. लिनक्स बघितलं, खेळला, पेन ड्राइव्ह काढला, लॅपटॉप बंद केला, आणि आजोबांना काही कळायच्या आत संध्याकाळच्या बसने घरी.

"परत चालू केलं होतंस का ते सेटिंग?"

"नाही. विसरलो."

"अजून काय काय दाबलंस? नीट आठव. टीपीएम क्लिअर करा असं काही होतं का तिथे?"

"होतं. पण त्याला हात नाही लावला. लाल अक्षरात होतं."

त्या लाल अक्षरांचे उपकार. टीपीएम ही लॅपटॉपमधली एक छोटी सुरक्षा चिप. डिस्कची किल्ली तिच्या ताब्यात असते आणि मशीन सुरू होताना सगळं ठरल्याप्रमाणे आहे असं दिसलं तरच ती किल्ली सोडते. चिपच पुसली असती तर ४८ आकड्यांवाचून कोणताही मार्ग राहिला नसता. पण इथे चिप जागच्या जागी होती, फक्त तिला सुरुवात वेगळी दिसत होती.

बाबांना हे समजावताना मी आधी कुलपं-किल्ल्या वगैरे बरंच बोललो. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग म्हटलं, "तुम्ही दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देता ना? तसा हा रोज सकाळी चालू होताना देतो. त्या दिवशी याचा अंगठा जुळला नाही, म्हणून पेन्शन अडवली. माणूस तोच आहे, फक्त बोटाला काहीतरी लागलंय."

"मग बोट धुवा," बाबा म्हणाले.

लॅपटॉप बंद केला, पुन्हा चालू करताना एफ-टू दाबत राहिलो. (दुसऱ्या कंपनीचा असेल तर डिलीट किंवा एफ-टेन, जे असेल ते. पहिल्या पडद्यावर क्षणभर लिहिलेलं असतं आणि वाचेपर्यंत जातं.) बायोस उघडलं. सिक्युरिटीच्या पानावर सिक्युअर बूटसमोर 'डिसेबल्ड'. ओमूने बोट दाखवलं, "हेच." मी ते 'एनेबल्ड' केलं, बाकी कशाकडे बघितलंसुद्धा नाही, सेव्ह करून बाहेर पडलो.

पडदा काळा झाला. कंपनीचं चिन्ह आलं. खाली ते ठिपके गोल गोल फिरायला लागले. ताई ओवाळणीचं ताट हातात घेऊन दारात उभी, आई तिच्या मागे. ठिपके फिरताहेत, फिरताहेत. मग डोंगर आणि तळ्याचं ते चित्र आलं, आणि त्यावर घड्याळ.

बाबांनी मला बाजूला सरकवलं, खुर्चीत बसले आणि चार आकडे टाकले.

वंशावळ डेस्कटॉपवरच होती.

ओमूला कोणी रागावलं नाही. ताई सुरुवात करणार होती, पण बाबाच म्हणाले, "असू दे, त्याने विचारल्यावर सांगितलं तरी." मला मात्र स्वतःचा राग आला होता. दोन दिवस मी किल्ली शोधत फिरलो आणि मशीनमध्ये शेवटचं काय बदललं हे घरातल्या प्रत्येकाला विचारलंच नाही. अपडेट असेल, बॅटरी असेल, विंडोजचं काहीतरी असेल, असं धरून चाललो. बायोसमध्ये काही बदललं असेल तर ते पूर्ववत केल्यावर पुष्कळदा किल्लीवाचून भागतं, हे मला माहीत होतं. फक्त आमच्या घरात बायोसमध्ये कोणी जाईल, हे डोक्यात आलं नाही.

ओवाळणी होऊन जेवणं झाल्यावर कामाला लागलो. आधी वंशावळ आणि फोटो पेन ड्राइव्हवर घेतले, एक प्रत माझ्या फोनवरही. मग दुकानातल्या पोराच्या खात्यातून लॅपटॉप सोडवला: सेटिंग्जमध्ये आधी लोकल खातं केलं, मग बाबांच्या जीमेलने काढलेलं त्यांचं स्वतःचं खातं जोडलं, त्याला बाबांचा आणि माझा असे दोन्ही नंबर दिले. किल्ली या खात्यात खरंच आली की नाही ते साइटवर जाऊन बघितलं, ओळख क्रमांकाची सुरुवातीची आठ अक्षरं ताडून.

"हे सगळं ठीक आहे," बाबा म्हणाले. "पण मला ती कागदावर पाहिजे."

प्रिंटर बंद पडलेला. तेव्हा कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला, मॅनेज-बीडीई ही कमांड सी ड्राइव्हसाठी चालवली, आणि ४८ आकडे काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आले. बाबांनी कपाटातून ती लाल डायरी काढली जिच्यात एफडीचे नंबर आहेत. ओमू वाचणार, आजोबा लिहिणार.

ओमूने आधी मराठीत, जोड्या करून वाचायला घेतलं आणि एकोणसत्तर की एकोणऐंशी इथेच गाडी अडकली. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात तेवीसऐवजी 'वीस तीन' आणलं तेव्हा बाबांनी वर्तमानपत्र आपटलं होतं, त्यामुळे मी तो विषय काढला नाही. शेवटी एकेक आकडा इंग्रजीत वाचायचा ठरलं. ओमू फोर वन एट म्हणतोय आणि बाबा देवनागरीत लिहिताहेत. गटामागे गट, मधे छोटी आडवी रेघ.

लिहून झाल्यावर मी सहज सांगितलं की या किल्लीची एक गंमत आहे, प्रत्येक सहा आकडी गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. आकडा चुकला तर मशीनला कळावं म्हणून तशी रचना केली आहे.

बाबांनी चष्मा पुन्हा चढवला.

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

अकराची कसोटी त्यांना कोणी शिकवायला नको. एकाआड एक आकड्यांच्या दोन बेरजा करायच्या आणि वजाबाकी शून्य किंवा अकराच्या पटीत आली की झालं. समजा ४१८०३३ असेल, तर चार, आठ, तीन मिळून पंधरा, एक, शून्य, तीन मिळून चार, फरक अकरा, बसलं. (हा नमुना आहे. आमचा गट मी इथे लिहीन असं वाटलं की काय?) ते पेन्सिलीच्या टोकाने आकड्यांवरून फिरत, ओठ हलवत, पहिला गट करून गेले. दुसरा. तिसरा. प्रत्येकापुढे बारीकशी बरोबरची खूण. पाचव्याला पेन्सिल थांबली.

"हा बसत नाही."

"आजोबा, मी बरोबर वाचलंय," ओमू म्हणाला.

"परत वाच."

ओमूने परत वाचला. शेजारशेजारचे दोन आकडे उलटे झाले होते. वाचताना त्याचे की लिहिताना यांचे, यावर थोडी चर्चा झाली आणि दोघांनीही आपण काही केलेलं नाही असं सांगितलं. बाबांनी चुकलेल्या आकड्यांवर सरळ एक रेघ मारली, खाडाखोड नाही, वर नीट लिहिलं आणि बाजूला छोटी सही केली. उरलेले तीन गट तपासले. मग आठव्या गटाखाली, कॅशबुकात मारायचे तशा दोन रेघा मारल्या, "ताळा पाहिला" असं लिहिलं, भाऊबीजेची तारीख घातली आणि डायरी ओमूपुढे सरकवली.

"तूही सही कर. वाचणारा म्हणून."